जीएनडी आणि जीएनडीए जोडायचे कसे: कीकॅडमधली नेहमीची अडचण

बोर्डावर अ‍ॅनालॉग आणि डिजिटल असे दोन ग्राउंड (जीएनडीए आणि जीएनडी) ठेवले की कीकॅड या बोर्ड डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ही अडचण येतेच. स्कीमॅटिकमध्ये दोन्ही ग्राउंड वायरने जोडले तर ईआरसी (स्कीमॅटिकची आपोआप तपासणी) इशारा देतं आणि दोन्हींचं मिळून एकच नेट, म्हणजे एका नावाची एकच जोडणी, होऊन बसतं. वायर काढली की इशारा जातो, पण ग्राउंड सुटेच राहतात. लेआउटमध्ये तांब्याचा तुकडा टाकून जोडायला जावं, तर डीआरसी (लेआउटची आपोआप तपासणी) त्याला शॉर्ट म्हणतं.

घाईत असाल त्यांच्यासाठी उपाय आधीच सांगतो. दोन ग्राउंडच्या मध्ये 'नेट टाय' नावाचा घटक ठेवा, त्याला नेट टायचाच फूटप्रिंट (बोर्डावरचा पॅडचा आराखडा) द्या, आणि तो संपूर्ण डिझाइनमध्ये एकदाच ठेवा. पायऱ्या खाली आहेत. पण वेळ असेल तर आधी माझ्या बोर्डाचं काय झालं ते वाचा. ही चूक बोर्ड बनवून हातात आला तरी दिसत नाही, आणि माझ्या बाबतीत ती मीटरच्या बीपलाही दिसली नाही.

टाक्या भरल्या की आकडे चढायचे

आठ टाक्यांची पाण्याची पातळी मोजणारा बोर्ड होता. प्रत्येक टाकीवर ४ ते २० मिलिअँपचा लेव्हल ट्रान्समीटर. बोर्डावर प्रत्येक चॅनलला २०० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे टाकी रिकामी असताना ०.८ व्होल्ट आणि भरलेली असताना ४ व्होल्ट. मोजायला एमसीपी ३२०८ हा १२ बिटांचा, आठ चॅनलचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा आयसी. त्याला तुलनेसाठी ठरलेलं व्होल्टेज, म्हणजे रेफरन्स, एमसीपी १५४१ चा, ४.०९६ व्होल्ट. हा आकडा मुद्दाम निवडला होता: ४०९६ पायऱ्या आणि ४.०९६ व्होल्ट, म्हणजे एक पायरी बरोबर एक मिलिव्होल्ट. रिकाम्या टाकीला ८००, भरलेल्या टाकीला ४०००. हिशोब तोंडपाठ राहतो.

टेबलावर एक ट्रान्समीटर जोडून बघितला, बरोबर. दोन जोडले, बरोबर. करंट कॅलिब्रेटर लावून प्रत्येक चॅनल एकेक करून तपासला, सगळे एका-दोन पायऱ्यांच्या आत. बोर्ड जागेवर बसवला आणि आठवड्याभरात फोन आला की सकाळी आकडे चुकीचे येतात, दुपारनंतर बरोबर येतात.

तापमान असेल असं वाटलं. मग पंपाचा त्रास असेल असं वाटलं, कारण सकाळी पंप चालतात. पंप बंद करून पाहिलं, काही फरक नाही. शेवटी दोन दिवसांच्या नोंदी समोर ठेवल्यावर लक्षात आलं की वेळेचा संबंधच नाही. टाक्या भरलेल्या असल्या की आकडे चुकत होते. शिवाय एकाच टाकीचा आकडा चुकत नव्हता, आठही एकाच प्रमाणात वर चढत होते. तीन-चतुर्थांश भरलेली टाकी ७८-७९ टक्के दाखवायची आणि पूर्ण भरलेली टाकी १०३ टक्क्यांवर अडकून राहायची.

आठही चॅनल एकत्र चढतात म्हणजे दोष चॅनलचा नाही, आठांना जे सामायिक आहे त्याचा आहे. सामायिक म्हणजे रेफरन्स आणि ग्राउंड. रेफरन्स मोजला तर ४.०९६ च्या ऐवजी ३.९५ च्या आसपास. वाटलं, आयसी खराब. बदलला. तेच.

मग एमसीपी १५४१ चा पुरवठा त्याच्याच दोन पायांवर मोजला. पाच व्होल्ट हवे होते, मिळाले चारच्या जरा वर. या आयसीला किमान ४.३ व्होल्ट लागतात. पण बोर्डाचा पाच व्होल्टचा पुरवठा तर पाचच होता. उरलेला एक व्होल्ट कुठे गेला हे शोधायला मीटरचं एक टोक जीएनडीवर आणि दुसरं जीएनडीएवर ठेवलं. दोन ग्राउंडमध्ये ०.९५ व्होल्टचा फरक!

बोर्ड बंद करून त्याच दोन जागांवर मीटर बीपवर लावलं. बीप वाजला. इथे मी तासभर अडकलो, कारण बीप वाजतो म्हणजे जोड आहे असंच आपल्या हाताला शिकवलेलं असतं. नंतर ओहमच्या रेंजवर घेतलं तेव्हा ७.४ ओहम दिसले. तांब्याच्या जोडाला सात ओहम कसे असतील?

उत्तर एमसीपी ३२०८ च्या डेटाशीटमध्ये होतं. या आयसीला एजीएनडी आणि डीजीएनडी असे दोन वेगळे पाय आहेत, १४ नंबरचा आणि ९ नंबरचा. आतल्या सिलिकॉनच्या सब्स्ट्रेटमधून ते एकमेकांना जोडलेले आहेत आणि त्या वाटेचा रोध ५ ते १० ओहम आहे. म्हणजे माझ्या बोर्डावर दोन ग्राउंडमध्ये तांब्याचा जोड कुठेच नव्हता. आठही ट्रान्समीटरचा परतीचा करंट एडीसीच्या पोटातून जात होता. एक ट्रान्समीटर असताना जास्तीत जास्त २० मिलिअँप, म्हणजे दीडशे मिलिव्होल्टचा फरक. तेवढा रेफरन्सला सहन व्हायचा, आकडे बरोबर यायचे. एकूण करंट शंभर मिलिअँपच्या आसपास गेला की फरक ०.७ व्होल्टच्या पुढे जायचा, रेफरन्सला ४.३ व्होल्ट मिळेनासे व्हायचे, तो खाली यायचा आणि म्हणून सगळे आकडे वर जायचे. कॅलिब्रेटरने एकेक चॅनल तपासताना हे दिसणं शक्यच नव्हतं.

ही चूक झाली कशी

फाइल उघडून मागे मागे गेलो. स्कीमॅटिकमध्ये मी सुरुवातीला जीएनडी आणि जीएनडीए यांची चिन्हं वायरने जोडली होती. ईआरसीने इशारा दिला की ही दोन्ही नावं एकाच जोडणीवर आहेत, नेटलिस्टमध्ये (सगळ्या जोडण्यांच्या यादीत) जीएनडी वापरलं जाईल. हा इशारा जाईना म्हणून मी ती वायर काढली, आणि 'लेआउटमध्ये जोडू' असं मनाशी म्हटलं.

वायर काढल्यावर ईआरसीने दुसरी तक्रार केली: जीएनडीए या नेटवर पॉवर इनपुटचे पाय आहेत, पण त्यांना पॉवर देणारं कोणी नाही. ही तक्रार नेहमीची आहे. कनेक्टरमधून पॉवर येते तेव्हाही ती येते आणि तिथे पीडब्ल्यूआर फ्लॅग, म्हणजे 'इथे पॉवर येते' असं ईआरसीला सांगणारं चिन्ह, लावला की ती जाते. सवयीने तोच लावला. ईआरसी स्वच्छ झालं. ते स्वच्छ झालं तेव्हाच चूक पक्की झाली. जीएनडीए कुठेच जोडलेलं नाही याची खूण देणारी ती एकच तक्रार होती आणि मी ती फ्लॅग लावून मिटवली.

लेआउटमध्ये जोडायचं राहून गेलं. डीआरसीही स्वच्छ, कारण डीआरसीच्या दृष्टीने जीएनडी आणि जीएनडीए हे पाच व्होल्ट आणि बारा व्होल्ट यांच्याइतकेच परके. दोन वेगळ्या नावांच्या नेटमध्ये जोड नाही याबद्दल ते का बोलेल? उलट जोड असता तर बोललं असतं.

सॉफ्टवेअरला नेट म्हणजे फक्त एक नाव. एका नावाचं सगळं जोडलेलं हवं, वेगळ्या नावाचं सगळं तुटलेलं हवं, एवढे दोनच नियम त्याला माहीत. 'हे दोन वेगळे आहेत, पण एका ठिकाणी भेटायला हवेत' ही तिसरी गोष्ट त्याला वेगळी सांगावी लागते. नेट टाय म्हणजे ती सांगण्याची पद्धत.

दुरुस्ती, स्कीमॅटिकपासून

खालचं सगळं कीकॅड ७ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांसाठी आहे. आवृत्ती ६ मध्येही कल्पना तीच, फरक कुठे आहे ते पुढे सांगतो.

जीएनडी आणि जीएनडीए यांना जोडणारी वायर कुठे असेल तर ती आधी काढा. मग ए दाबून सिम्बॉल निवडायची खिडकी उघडा आणि डिव्हाइस लायब्ररीतलं 'नेटटाय_२' घ्या. एका टोकाला जीएनडीचं चिन्ह, दुसऱ्या टोकाला जीएनडीएचं. त्याला एनटी१ असा नंबर मिळेल. तीन ग्राउंड एका बिंदूत आणायचे असतील तर 'नेटटाय_३' आहे, चारांसाठी 'नेटटाय_४' आहे.

फूटप्रिंटसाठी नेटटाय याच नावाची लायब्ररी आहे. 'नेटटाय-२_एसएमडी_पॅड०.५एमएम' हा लहान, 'पॅड२.०एमएम' हा रुंद. थ्रू-होल प्रकारही आहेत. माझ्यासारखा परतीचा करंट या जोडातून जाणार असेल तर रुंद घ्या, जागेची बचत इथे करू नका. हा फूटप्रिंट म्हणजे दोन पॅड आणि त्यांच्यामध्ये आधीच काढलेलं तांबं. त्यावर सोल्डर काहीच करायचं नसतं, आणि खरेदीच्या यादीतही तो येत नाही.

आता ईआरसी चालवा. जीएनडीएला पॉवर देणारं कोणी नाही ही तक्रार पुन्हा येईल, कारण नेट टायचे पाय पॅसिव्ह असतात, ते पॉवर पलीकडे पोचवतात असं ईआरसी मानत नाही. आता मात्र जीएनडीएवर पीडब्ल्यूआर फ्लॅग लावणं योग्य आहे. दोन्ही वेळा तक्रार अक्षरशः तीच आणि तिचा इलाजही तोच. म्हणून मी आता एक क्रम कधीच मोडत नाही: एनटी१ कागदावर आल्याशिवाय दुसऱ्या ग्राउंडवर फ्लॅग लावायचा नाही.

एफ८ दाबून पीसीबी अपडेट करा. एनटी१ लेआउटमध्ये येईल, एका पॅडवर जीएनडी आणि दुसऱ्यावर जीएनडीए. त्याला जागेवर ठेवा, दोन्ही झोन (तांब्याने भरलेले भाग) आपापल्या पॅडपर्यंत येतील असे काढा, बी दाबून झोन पुन्हा भरा. झोन पॅडला बारीक काड्यांनी जोडला जात असेल, म्हणजे थर्मल रिलीफने, तर त्या पॅडच्या गुणधर्मांत जाऊन जोड सॉलिड करा. इथे सोल्डरिंग नाही, त्यामुळे काड्यांचा काही उपयोग नाही.

तरीही डीआरसी लाल दाखवत असेल तर

बहुतेक वेळा कारण ट्रॅक असतो. जीएनडीचा ट्रॅक जीएनडीच्या पॅडवर थांबायला हवा. तो थोडा पुढे सरकून मधल्या तांब्याला किंवा पलीकडच्या पॅडला लागला की शॉर्ट दाखवलं जातं, आणि ते बरोबरच आहे. जोडायचं काम फूटप्रिंटमधल्या तांब्याचं आहे, तुमच्या ट्रॅकचं नाही. दुसरं कारण, तुम्ही फूटप्रिंट स्वतः काढला असेल. दोन पॅड ठेवले, मध्ये तांब्याचा चौकोन काढला, दिसायला अगदी लायब्ररीसारखा, पण डीआरसी ऐकत नाही. फूटप्रिंटच्या गुणधर्मांत नेट टायचा तक्ता आहे, तिथे कोणते पॅड एकमेकांना जोडायला परवानगी आहे ते लिहावं लागतं: '१, २'. आवृत्ती ६ मध्ये हा तक्ता नव्हता, तिथे फूटप्रिंटच्या कीवर्डमध्ये 'नेट टाय' हे शब्द लिहावे लागत.

काही जण नेट टाय न वापरता दोन झोनच्या मध्ये तांब्याच्या लेयरवर एक जाड रेष ओढतात आणि आलेली डीआरसी तक्रार 'वगळा' म्हणून बाजूला ठेवतात. बोर्ड चालतो, हे खरं. पण पुढच्या वेळी त्याच जागी खरंच काही शॉर्ट झालं, तर वगळायची सवय लागलेला हात तेही वगळून टाकतो. आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणी फाइल उघडली तर ती रेष मुद्दाम आहे की चुकून राहिली, हे त्याला कळायला मार्ग नाही. स्कीमॅटिकमध्ये एनटी१ दिसत असेल तर विचारावंच लागत नाही.

'झोनच्या नेटला एकही पॅड नाही' असा इशारा आला, तर समजा की कुठेतरी दोन ग्राउंड पुन्हा एक झाले. बहुतेक वेळा एखाद्या शीटवर जीएनडी आणि जीएनडीए एकाच वायरवर राहिलेले असतात. कीकॅड अशा वेळी वर्णक्रमाने आधी येणारं नाव ठेवतं, म्हणून जीएनडी उरतं आणि जीएनडीए गायब होतं. लेआउटमधला जीएनडीएचा झोन बिचारा तसाच असतो, पण त्या नावाचा एकही पॅड उरलेला नसतो.

जुन्या फाइलींमध्ये आणखी एक सापळा असतो. कीकॅड ६ पर्यंत पॉवर चिन्हाचं नेट हे त्याच्या लपवलेल्या पिनच्या नावावरून ठरायचं, वर दिसणाऱ्या मजकुरावरून नाही. कोणी जीएनडीचं चिन्ह कॉपी करून त्याचा मजकूर बदलून जीएनडीए केला असेल, तर कागदावर जीएनडीए दिसायचं आणि नेट मात्र जीएनडीच राहायचं. आवृत्ती ७ पासून मजकुरावरूनच नेट ठरतं. त्यामुळे जुनी फाइल नव्या आवृत्तीत उघडल्यावर ग्राउंड अचानक वेगळे झालेले दिसले, तर गोंधळू नका. आधीच काहीतरी चुकीचं होतं, ते आता दिसू लागलं.

एकापेक्षा जास्त नेट टाय

हे वेगळं लिहितोय, कारण ही चूक मी दुसऱ्यांच्या डिझाइनमध्ये वारंवार बघितली आहे. एका चॅनलचं सर्किट एका शीटवर काढलेलं असतं, आणि ती शीट चार चॅनलसाठी चार वेळा वापरलेली असते. नेट टाय त्या शीटमध्येच असेल, तर तुमच्याकडे एनटी१ ते एनटी४ असे चार जोड होतात. ईआरसी आणि डीआरसी दोघांनाही हे चालतं. पण एका बिंदूत जोड ठेवायचा सगळा हेतू संपला. चार ठिकाणी जोडलेले ग्राउंड म्हणजे मध्ये तीन फटी असलेलं एकच ग्राउंड, आणि त्या फटींना वळसा घालून डिजिटल करंट अ‍ॅनालॉगच्या भागात मनसोक्त फिरतो.

नेट टाय नेहमी सगळ्यात वरच्या शीटवर ठेवा, पॉवर जिथे आत येते तिथेच. स्कीमॅटिकमध्ये 'एनटी' शोधलं की एकच सापडला पाहिजे.

जोड बोर्डावर कुठे हवा

इथे करंट कुठून कुठे जातो ते कागदावर बोटाने फिरवून बघावं लागतं, त्याला पर्याय नाही. माझ्या बोर्डावर ट्रान्समीटरचा करंट २४ व्होल्टच्या धन टोकाकडून निघतो, ट्रान्समीटरमधून टर्मिनलवर येतो, २०० ओहममधून जीएनडीएवर उतरतो आणि त्याला २४ व्होल्टच्या ऋण टोकाकडे परत जायचं असतं. ते टोक जीएनडीवर आहे. म्हणजे आठ मिळून १६० मिलिअँप या जोडातून जाणार.

आता समजा जोड एडीसीखाली ठेवला आणि तिथपर्यंत जीएनडीए झोनने न नेता ट्रॅकने नेलं. ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्याच्या एका चौकोनाचा रोध साधारण अर्धा मिलिओहम, मग तो चौकोन लहान असो की मोठा. ट्रॅक ०.२५ मिलिमीटर रुंद आणि २० मिलिमीटर लांब असेल तर ८० चौकोन, म्हणजे ४० मिलिओहम. त्यातून १६० मिलिअँप गेले की ६.४ मिलिव्होल्ट. एक पायरी एक मिलिव्होल्टची, म्हणजे सहा पायऱ्यांची चूक, आणि तीही बाकीच्या टाक्या किती भरल्या आहेत त्यावर अवलंबून. जोड आहे, ईआरसी स्वच्छ आहे, डीआरसी स्वच्छ आहे, आणि आकडा तरी चुकीचा.

म्हणून बोर्डाच्या दुसऱ्या आवृत्तीत मी टर्मिनल, आठ रेझिस्टर आणि २४ व्होल्टचा प्रवेश बोर्डाच्या एकाच कडेला आणले आणि जोड तिथेच ठेवला. परतीचा करंट आत न शिरता कडेकडेने निघून जातो. एडीसी थोडा आत, जीएनडीएच्या अशा भागावर, जिथून तो करंट जात नाही. एडीसीचे दोन्ही ग्राउंड पाय जीएनडीएलाच जोडले. हेही डेटाशीटमध्येच लिहिलं होतं: अ‍ॅनालॉग आणि डिजिटल अशी दोन प्लेन (तांब्याचे सलग थर) असतील तर दोन्ही पाय अ‍ॅनालॉग प्लेनला जोडा. पायाचं नाव डीजीएनडी आहे म्हणून तो बोर्डाच्या डिजिटल ग्राउंडला जायला हवा, असा माझा समज होता, आणि तो बहुतेकांचा असतो. अ‍ॅनालॉग डिव्हाइसेसच्या एमटी-०३१ या टिपणात हाच समज दूर केला आहे. ते नाव आयसीच्या आतल्या कुठल्या भागाचा तो ग्राउंड आहे एवढंच सांगतं, बोर्डावर तो कुठे जोडायचा ते नाही.

एसपीआयचे, म्हणजे एडीसीशी बोलायच्या डिजिटल सिग्नलचे, ट्रॅक मायक्रोकंट्रोलरकडून एडीसीकडे जाताना दोन ग्राउंडमधली फट ओलांडतात. ते फटीवरून कुठूनही नेऊ नका, जोडाच्या अगदी वरून किंवा बाजूने न्या. सिग्नलचा परतीचा करंट त्याच्या खालूनच परत यायला बघतो. खाली तांबं नसेल तर तो लांबचा वळसा घेतो आणि गोंगाट वाढतो.

माझं स्पष्ट मत विचाराल तर १२ बिटांच्या कामासाठी दोन ग्राउंडची गरजच बहुतेक वेळा नसते. एकच सलग ग्राउंड प्लेन, अ‍ॅनालॉग भाग एका बाजूला, डिजिटल दुसऱ्या बाजूला, जास्त करंटच्या वाटा कडेला, एवढं नीट केलं की फट लागत नाही आणि हा लेखही लागत नाही. विद्युतचुंबकीय गोंगाटाचे तज्ज्ञ हेन्री ऑट यांनी २००१ मध्ये मिश्र सिग्नलच्या बोर्डांबद्दल हेच मांडलं होतं: प्लेन कापू नका, भाग वाटून ठेवा. पण जुनं स्कीमॅटिक हातात असतं, ग्राहकाने दोन ग्राउंड मागितलेले असतात, किंवा परतीचा करंट कुठे एकत्र येतो ते तुम्हाला काटेकोरपणे ठरवायचं असतं. तेव्हा नेट टाय लागतो.

शून्य ओहम, सोल्डर जम्पर आणि बाकीची सॉफ्टवेअर

नेट टायऐवजी शून्य ओहमचा रेझिस्टर बरेच जण वापरतात. सॉफ्टवेअरला तो साधा घटक वाटतो, काही खास सांगावं लागत नाही. चाचणीच्या वेळी काढून बघताही येतो. पण तो खरेदीच्या यादीत येतो, आणि यादीतून गळला किंवा जोडणीवाल्याकडून बसवायचा राहिला, की माझ्यासारखीच गत होते. काढून बघायची सोय हवी असेल तर मी आता जोडलेला सोल्डर जम्पर वापरतो. जम्पर लायब्ररीत 'ब्रिज्ड' या नावाने तो मिळतो: दोन पॅड, मध्ये बारीक तांबं, आणि त्यावर मास्क (तांब्यावरचा रक्षक थर) नसतो. वेगळं करायचं तर ब्लेडने कापा, परत जोडायचं तर सोल्डरचा थेंब टाका. फेराइट बीड (जास्त वारंवारतेला अडवणारा घटक) मात्र दोन ग्राउंडच्या मध्ये टाकू नका. पुरवठ्याच्या वाटेवर तो उपयोगाचा, ग्राउंडमध्ये तो जास्त वारंवारतेला दोन्ही ग्राउंड एकमेकांपासून सोडवतो, आणि नेमकं तेव्हाच ते एकत्र हवे असतात.

अल्टियममध्ये घटकाचा प्रकारच 'नेट टाय' असा निवडता येतो, यादीत येणारा आणि न येणारा असे दोन. ईगलमध्ये अशी सोय नव्हती, लोक एकमेकांवर चढणारे पॅड काढून ओव्हरलॅपची चूक मंजूर करत. ऑटोडेस्कने ७ जून २०२६ ही ईगलची शेवटची तारीख जाहीर केल्यामुळे बरेच जण जुन्या फाइली कीकॅडमध्ये आणत आहेत. आणल्यावर हा जोड पहिल्यांदा तपासा.

बोर्ड बनवणाऱ्याला गर्बरसोबत (बोर्ड बनवायच्या फाइलींसोबत) नेटलिस्ट दिली असेल तर त्यांच्याकडून 'जीएनडी आणि जीएनडीए शॉर्ट आहेत' अशी विचारणा येऊ शकते. ती चांगली खूण आहे. एनटी१ च्या जागेचं चित्र जोडून, जोड मुद्दाम ठेवला आहे असं कळवा. नाही तर काळजीने कोणीतरी तो जोड कापून टाकेल.

बोर्ड हातात आल्यावर

कोरा बोर्ड, एकही आयसी न लावलेला, घेऊन जीएनडी आणि जीएनडीए यांच्यात ओहमच्या रेंजवर मोजा. आधी मीटरची दोन टोकं एकमेकांना लावून मीटरचा स्वतःचा आकडा बघा, साधारण ०.२ ते ०.३ ओहम येतो. बोर्डावरही जवळपास तेवढाच यायला हवा. बीपवर विसंबू नका. बहुतेक मीटर वीस-तीस ओहमपर्यंतही बीप देतात, आणि आयसी बसवल्यानंतर सब्स्ट्रेटमधूनही तो वाजतो, जसा माझ्याकडे वाजला.

त्याहून खात्रीची चाचणी बोर्ड चालू असताना होते. सगळे चॅनल पूर्ण भारावर आणा, म्हणजे माझ्या बाबतीत आठही २० मिलिअँपवर, आणि दोन ग्राउंडमध्ये मिलिव्होल्टच्या रेंजवर मोजा. एका मिलिव्होल्टच्या आत असेल तर जोडही आहे आणि जागाही बरोबर आहे. जागेवर बसलेल्या पहिल्या बोर्डांवर मी २४ व्होल्टच्या ऋण टर्मिनलाजवळ मास्क खरवडून, रेझिस्टरच्या कापलेल्या पायाचा तुकडा जीएनडी आणि जीएनडीएच्या मध्ये सोल्डर केला. तिथे आठही चॅनल भरलेले असताना ०.४ मिलिव्होल्ट आले. रेफरन्स ४.०९६ वर, पूर्ण भरलेली टाकी ४००० वर.

आणि हे सगळं वाचून कोणी नेट टाय टाकायला निघण्याआधी एक गोष्ट. काही ग्राउंड वेगळे असतात ते गोंगाटासाठी नाही, सुरक्षेसाठी. ऑप्टोकपलरच्या (प्रकाशाने सिग्नल पलीकडे नेणाऱ्या घटकाच्या) पलीकडचा ग्राउंड, आयसोलेटेड आरएस-४८५ चा ग्राउंड, घरगुती २३० व्होल्टला चिकटलेल्या भागाचा ग्राउंड. तिथे ईआरसीने कितीही तक्रारी केल्या तरी जोडायचं नाही. त्या प्रत्येक ग्राउंडवर त्याचा स्वतःचा पीडब्ल्यूआर फ्लॅग लावा, आणि स्कीमॅटिकवर त्या रेषेजवळ मजकुरात लिहून ठेवा की इथे जोड नाही, तो मुद्दाम टाळला आहे.